रक्त किती टक्के?

"रगत आठ टक्के आहे मनते नर्सबाई." चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यात गरोदर बाई तपासणीहून परतली की घरी असे काहीतरी सांगते. त्यावर एखादी सासू भाबडेपणाने विचारते, शंभरातले आठच? मग बाकीचे गेले कुठे? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. हिमोग्लोबिनचे एकक पूर्वी 'ग्रॅम टक्के' असे लिहीत, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात इतके ग्रॅम. बोलता बोलता ग्रॅम गळले आणि टक्के उरले. त्यात साली यांच्या जुन्या हिमोमीटरच्या नळीवर खरोखरच दोन पट्ट्या कोरलेल्या असतात, एका अंगाला ग्रॅमची आणि दुसऱ्या अंगाला टक्क्यांची. एकच थेंब एका बाजूने वाचला तर आठ आणि दुसऱ्या बाजूने वाचला तर निम्म्याच्या आसपास. सिस्टर 'बारा टक्के, छान!' म्हणते तेव्हा तर ऐकणारी आणखीच गोंधळते. शंभरात बारा मिळवून शाळेत कोणी पास झालेले तिने पाहिलेले नाही.

आरोग्य कर्मचाऱ्यांना रक्ताचे रिपोर्ट आणि त्यांवरचे आलेख कळतात का, हा प्रश्न बैठकांमध्ये निघतो तो बहुधा तक्रारीच्या सुरात. बोट असते ते सगळ्यात खालच्या पायरीकडे: आशाताई, एएनएम, फार तर नव्याने आलेली समुदाय आरोग्य अधिकारी. माझे म्हणणे असे, की या मंडळींच्या हातात पडणारा एकेक कागद उलगडून पाहिला तर तक्रारीची दिशा बदलते. समजेल अशा रीतीने दिलेला निकाल त्या नीट वाचतात. जो वाचता येत नाही, तो पुष्कळदा त्यांच्यासाठी लिहिलेलाच नसतो.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा उत्तर-दक्षिण असा लांबच लांब पसरला आहे. जिल्ह्याच्या गावाहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास. कोरचीकडे छत्तीसगढी कानावर पडते, मुलचेऱ्यात बंगाली, सिरोंच्यात तेलुगू, भामरागड-एटापल्लीत माडिया. माडिया-गोंडीत रक्ताला नेत्तुर म्हणतात आणि तेलुगूतही जवळजवळ हाच शब्द आहे. रिपोर्ट मात्र सगळीकडे इंग्रजीतच. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, म्हणजे नमुना अलीकडे आणि रिपोर्ट पलीकडे. अशा मुलखात जो निकाल जागच्या जागी, डोळ्यांसमोर उमटतो, त्याची किंमत वेगळी असते.

असा निकाल म्हणजे हिवतापाच्या किटवरची रेघ. आशाताई त्याला 'आरडीके' म्हणतात. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा वाटा वर्षानुवर्षे गडचिरोलीचा, आणि त्यातही फॅल्सिपेरम हा घातक प्रकार जास्त. बोटातून थेंब घ्यायचा, पट्टीच्या खिडकीत सोडायचा, बफरचे थेंब टाकायचे, पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. नियंत्रण-रेघ उमटलीच नाही तर किट बाद, मग दुसरी रेघ कितीही ठसठशीत असो. उमटली तर पुढची रेघ कुठे आहे ते पाहायचे. त्या जागेवर उपचार ठरतो: व्हायवॅक्स हा दुसरा प्रकार असेल तर क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन, फॅल्सिपेरम असेल तर एसीटी ही मिश्र औषधे आणि प्रायमाक्विनचा एकच डोस. रेघ फिकट असली तरी ती रेघच. हे शेवटचे वाक्य प्रशिक्षणात दहादा घोकून घ्यावे लागते, कारण फिकट म्हणजे 'थोडासा मलेरिया' असे मनाला वाटतेच.

अशा किटबाबत झांबियातला एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना नुसते पाकिटातले माहितीपत्रक दिले तेव्हा त्यांच्या हातून ५७ टक्के पायऱ्या बरोबर झाल्या. चित्रांचे सोपे कार्ड दिल्यावर ८०, आणि कार्डाबरोबर थोडे प्रशिक्षणही दिले तेव्हा ९२. माणसे त्याच धाटणीची होती, किटही तेच. फरक पडला तो सोबतच्या कागदाने आणि थोड्या शिकवण्याने.

तरी रेघेलाही तिची खोड आहे. फॅल्सिपेरमची रेघ ज्या प्रथिनामुळे उमटते ते प्रथिन रोगी बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात रेंगाळते. गोळ्या पुऱ्या करून पंधरा दिवसांनी पुन्हा ताप आलेल्या पोराची किट पॉझिटिव्ह आली, तर तो नवा हिवताप की जुन्याची सावली, हे किट सांगू शकत नाही. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची रक्ताची काचपट्टीच लागते, आणि ती वाचणारा लॅब टेक्निशियन प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो. शिवाय चंद्रपूरचा उन्हाळा. पारा ४६-४७ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या किटचे काय होत असेल, हा प्रश्न आशाताईच्या समजुतीचा म्हणता येणार नाही.

रेघेनंतर येतो आकडा, आणि आकडा दिसतो त्याहून बनेल असतो. सालीच्या पद्धतीत वीस घन मिलिमीटर रक्त आम्लात घालायचे, दहा मिनिटे थांबायचे, मग थेंबथेंब पाणी टाकत नळीतला तपकिरी रंग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचा. जुळला असे डोळ्याने म्हणायचे. खिडकीशी बसलेल्या सिस्टरचा डोळा आणि बल्बखाली बसलेल्या सिस्टरचा डोळा सारखा नसतो. घाईत दहाऐवजी चारच मिनिटे थांबले तर रंग पुरता चढत नाही आणि आकडा कमी येतो. २०१८ मध्ये 'अॅनिमिया मुक्त भारत' आल्यापासून डिजिटल यंत्रांवर भर आहे. यंत्रात डोळ्याचा प्रश्न मिटला, पण बोटाचा उरला. थंडीत किंवा कष्टाने घट्टे पडलेल्या बोटातून थेंब निघेना म्हणून बोट पिळले, की रक्तात पेशींबाहेरचे पाणी मिसळते आणि आकडा पुन्हा फसवतो.

ही बारीकसारीक गोष्ट देशाच्या आकड्यांपर्यंत पोचलेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) बोटातले रक्त तपासून सहा महिने ते पाच वर्षांच्या सुमारे ५९ टक्के मुलांत रक्तक्षय सापडला. लगेच पाठोपाठ, २०१६-१८ मध्ये, शिरेतून रक्त घेऊन झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने एक ते चार वर्षांच्या मुलांत तो ४१ टक्के सांगितला. वयोगट थोडे वेगळे आहेत हे धरूनही फरक डोळ्यांत भरतो. वाद इतका वाढला की सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची तपासणीच वगळली आणि ते काम शिरेतून रक्त घेणाऱ्या वेगळ्या पाहणीकडे सोपवले. ज्या प्रश्नावर दिल्लीतले तज्ज्ञ अजून भांडतात, तोच प्रश्न धानोऱ्याकडच्या एखाद्या उपकेंद्रातली एएनएम रोज दोन बोटांच्या चिमटीत धरून बसलेली असते.

आता आलेख. इथे जरा थांबू या, कारण खरी गुंतागुंत इथे आहे आणि या दोन जिल्ह्यांत ती बहुतेक सिकलसेल या आनुवंशिक रक्तरोगाच्या निमित्ताने येते.

भारतात सिकलसेलची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत झाली. विदर्भाकडे लक्ष गेले ते १९५८ मध्ये, नागपूरच्या शुक्ल आणि सोलंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले तेव्हा. पुढे गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचे काम सुरू झाले. आरंभीच्या काळातल्या सिकलसेलच्या पाहणीबद्दल संस्थेचे संस्थापक अभय बंग सांगत आले आहेत, की शास्त्राला तो मोठा शोध वाटला, लोकांना मात्र ते आपले दुखणे वाटले नाही. ही आठवण रिपोर्टांनाही लागू आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे लक्ष्य. म्हणजे कागद मुबलक येणार. ते वाचणार कोण?

पहिली चाचणी सोपी असते, सोल्युबिलिटीची. नळीत रक्त मिसळल्यावर द्रावण गढूळ झाले आणि मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की पॉझिटिव्ह. पण गढूळपणा एवढेच सांगतो की 'एस' हिमोग्लोबिन आहे. माणूस नुसता वाहक आहे की आजारी, हे त्यातून कळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात, रक्त फार कमी असलेल्यात, किंवा नुकतेच रक्त चढवलेल्यात ती खोटी निगेटिव्हही येते. म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस, नाहीतर एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या.

एचपीएलसीचा कागद हातात घेतला की डोंगररांग काढल्यासारखी दिसते. आडव्या रेषेवर मिनिटे असतात. यंत्रातून रक्ताचे घटक एकापाठोपाठ बाहेर पडतात आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली. पहिल्या मिनिटाच्या पुढेमागे 'एफ', म्हणजे बाळपणीचे हिमोग्लोबिन. अडीच मिनिटांजवळ 'ए', साडेतीनच्या पुढे 'ए-टू', आणि सिकलचे 'एस' साधारण साडेचार मिनिटांजवळ. बाजूला टक्केवारीचा तक्ता. इथे पुन्हा टक्के, पण हे खरे टक्के. आणि ते शिखराच्या उंचीवरून काढलेले नसतात, शिखराखालच्या क्षेत्रफळावरून काढलेले असतात. उंच पण अरुंद सुळक्यापेक्षा बुटका, पसरट डोंगर मोठा ठरू शकतो. वाचणाऱ्याची नजर मात्र आधी उंचीकडे जाते.

वाहकाच्या कागदावर दोन ठळक डोंगर असतात, आणि त्यांत 'ए' हा 'एस'पेक्षा मोठा. 'एस' साधारण तीस ते चाळीस टक्के. आजाऱ्याच्या कागदावर 'ए' जवळजवळ नाहीसे होते, 'एस' सत्तरच्या वर चढते आणि पहिल्या मिनिटाचे 'एफ' वर डोके काढते. आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये हे 'एफ' बरेचदा चांगले भरपूर असते आणि काही अंशी रोग्याला तारते. एवढे कळले की झाले, असे वाटते. पण ज्याला गेल्या महिन्यात जिल्हा रुग्णालयात दोन बाटल्या रक्त चढले, त्या आजाऱ्याच्या कागदावर दात्याचे 'ए' उभे राहते आणि तो वाहकासारखा दिसू लागतो. आई-बापांपैकी एकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आलेल्याचा कागद थेट आजाऱ्यासारखाच दिसू शकतो. तिथे आई-बापांचे रक्त पाहिल्याशिवाय छातीठोकपणे बोलता येत नाही. आणि रक्त चढले होते का, हा प्रश्न ज्याने रोग्याला विचारायचा, तो उपकेंद्रात बसलेला असतो. आलेख वाचणाऱ्याला तो रोगी दिसतच नाही.

या कागदाचा घरात होणारा अर्थ तर वेगळाच. दोघे वाहक असले तर दर खेपेला बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक. घरात हे 'चार पोरांत एक' असे पोचते. पहिले आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब मांडला जातो. समुपदेशनाचे कार्ड कितीही रंगीत असो, 'दर खेपेला' हे दोन शब्द तोंडाने, त्या घरच्या भाषेत सांगावे लागतात. फासा पुन्हा पहिल्यापासून पडतो, हे ज्याला कवड्या खेळून माहीत आहे त्याला ते पटकन कळते.

आता खरी गफलत कुठे होते ते सांगतो. रिपोर्टात प्रत्येक आकड्यासमोर 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते आणि बाहेर गेलेला आकडा ठळक होतो, शेजारी 'एच' किंवा 'एल' येते. सिकलसेलच्या रोग्याचे हिमोग्लोबिन साडेसात आहे. कागद ओरडतो, कमी आहे! पण साडेसात हे त्याचे रोजचे घर असू शकते. तो त्यावर शाळेत जातो, धान रोवतो. त्याला लोहाच्या गोळ्यांचा मारा किंवा उगाच रक्त देणे त्रासाचे ठरू शकते. उलट तोच गडी साडेसातवरून साडेपाचवर आला, तर धावपळ करायची. कागदावर मात्र दोन्ही वेळी तेच अक्षर, 'एल'. सिकलसेलवरचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू केलेल्या रोग्यात तर गंमत आहे. गोळी नेमाने घेतली की लाल पेशींचा आकार, रिपोर्टातले एमसीव्ही, बहुतेकदा वाढते. कधी मर्यादेबाहेर जाते आणि 'एच' छापून येते. घाबरवणारे ते अक्षर इथे शाबासकीचे असते. याच रोग्याच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मात्र खाली सरकत नाहीत ना, हे महिन्यामागून महिना पाहावे लागते. त्यासाठी लागतो एकाच माणसाचा, अनेक तारखांचा आलेख. आणि नेमका तोच कुणी काढून देत नाही. दर वेळी नवा कागद येतो, जुना प्लॅस्टिकच्या पिशवीत चुरगळलेला, नाहीतर पावसात गेलेला.

हे फक्त खालच्या पायरीचे अज्ञान म्हणाल, तर १९७८ मधला हार्वर्डचा प्रयोग आठवावा. तिथल्या साठ जणांना, विद्यार्थी आणि मोठे डॉक्टर धरून, विचारले: हजारात एकाला असणाऱ्या रोगाची चाचणी आहे, निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांना ती चुकून पॉझिटिव्ह येते. एखाद्याची पॉझिटिव्ह आली तर त्याला खरोखर रोग असण्याची शक्यता किती? सगळ्यात जास्त जणांनी सांगितले ९५ टक्के. बरोबर उत्तर सुमारे दोन टक्के, आणि ते साठांपैकी अकरांनाच आले. तेच गाव धरून सांगा: हजार माणसांचे गाव, खरा रोगी एक, चुकून पॉझिटिव्ह आलेले पन्नास. एक्कावन्नांच्या रांगेत खरा कोण? असे मांडले तर आशाताईही गोंधळत नाही. टक्के आले की गोंधळ, माणसे मोजली की उजेड. मर्यादांचेही तसेच. 'नॉर्मल' मर्यादा बहुधा निरोगी माणसांपैकी ९५ टक्के मावतील अशी आखलेली असते. म्हणजे धडधाकट विसांतला एक त्या कुंपणाबाहेर असणारच. वीस तपासण्यांच्या पॅकेजमध्ये एखादे ठळक अक्षर सापडले तर नवल नाही.

आकडा कसा वाचवून घ्यावा याचा माझ्या मते सर्वांत देखणा नमुना गडचिरोलीतच घडला, आणि तो रक्ताचा नाही, श्वासाचा आहे. मुलांच्या न्यूमोनियावर काम करताना 'सर्च'ला गावातल्या दायांकडून बाळाचे श्वास मोजून हवे होते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ, त्यापुढच्याचे पन्नास झाले की धोका. घड्याळ बघत साठपर्यंत सलग मोजणे अनेकींना जड. मग एक साधन झाले: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लहान बाळाच्या ओळीत पाच हिरवे आणि सहावा लाल. मोठ्याच्या ओळीत चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला की न्यूमोनिया. यात आकडा आहे, मर्यादा आहे, वयानुसार बदलणारी 'नॉर्मल' आहे, वेळेचा अक्षसुद्धा आहे. म्हणजे तो आलेखच, फक्त बोटाने सरकवायचा. पुढे याच संस्थेच्या आरोग्यदूतांनी ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांत तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ते यश मण्यांचे नव्हे. पण कमी शिकलेल्या बाईला मोजमाप जमत नाही, हे म्हणणे तिथे निकाली निघाले.

आलेख त्यांना नवा आहे, असेही नाही. अंगणवाडीताई वर्षानुवर्षे वजनाचा वाढ-आलेख भरते. हिरव्या पट्ट्यातले बाळ अजून हिरव्यातच असले तरी रेघ आडवी पडली की तिला शंका येते. प्रसूतीच्या खोलीतली सिस्टर कळांची प्रगती दाखवणारा पार्टोग्राफ भरते, त्यात सावधानतेची आणि कृतीची अशा दोन तिरप्या रेघा असतात आणि बाईची रेघ त्यांच्या उजवीकडे सरकली की गाडी बोलवायची. (भरते म्हणजे भरायला हवा. प्रसूती होऊन गेल्यावर मागाहून भरलेले पार्टोग्राफ कुठल्या जिल्ह्यात नसतात?) दोन्हींत रेघ वाचणाऱ्याला पुढचे पाऊल कागदच सांगतो. रक्ताच्या रिपोर्टात ते पाऊल छापलेले नसते.

भिंतीवरचा आलेख हा आणखी एक प्रकार. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवतापाच्या रुग्णांची महिनावार चढती-उतरती रेघ लावलेली असते. पावसाळ्यात आणि त्यानंतर ती चढते. वरून येणारा अधिकारी ती पाहतो आणि चढली म्हणून बोलतो. पण ज्या महिन्यात आशाताईंनी नेटाने घरोघर फिरून दुप्पट रक्त घेतले, त्या महिन्यात रुग्णही जास्त सापडणार. तपासलेल्या शंभरांत किती निघाले, ही दुसरी रेघ शेजारी नसेल तर कष्टाची शिक्षा मिळते. मग पुढच्या वर्षी रक्त कमी घेतले जाते आणि रेघ आपोआप सुंदर होते. हा अडाणीपणा म्हणायचा, तर भिंतीसमोर उभे राहून बोलणाऱ्याचा.

माता-बाल संरक्षण कार्ड एकदा उघडून पाहा. बाळाच्या वजनासाठी त्यात पानभर रंगीत आलेख आहे. आईच्या हिमोग्लोबिनसाठी तपासणीगणिक एक चौकोन. समजा, कुरखेड्याकडच्या दोघी आठव्या महिन्यात एकाच दिवशी उपकेंद्रात आल्या. दोघींच्या चौकोनात ९.२. रजिस्टरात दोघी एकाच रकान्यात, मध्यम रक्तक्षय. पहिलीचा आधीचा चौकोन ७.४ होता, ती गोळ्या खाऊन वर येते आहे. दुसरीचा ११.६ होता. गरोदरपणात रक्त पातळ होऊन थोडे उतरतेच, पण इतके उतरले तर विचारायला हवे: गोळ्या खाते का, ताप येऊन गेला का, हिवतापाचे रक्त घेतले का, सिकलची नळी कधी गढूळ आली होती का. मागचे पान उलटून ते दोन चौकोन पेन्सिलने जोडले, तर एक रेघ वर जाते, एक खाली.